शिफारशीचे कमिशन : शेतकरी कुटुंबास जोडउत्पन्नाचा एक मार्ग

बाजार समितीत माल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यास अडत म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. अडत्या माल पिकवीत नाही. देणाऱ्याची व घेणाऱ्याची गाठ घालून देतो आणि झालेल्या व्यवहारावर शेकडा काही रक्कम घेतो. ही अडत कोणी सोसावी यावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाले व २०१६ साली फळे आणि भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. मोबाईलवरून होणाऱ्या खरेदीत याच जातीचा एक धंदा आता खेडोपाडी पोचला आहे. त्यास ॲफिलिएट मार्केटिंग असे म्हणतात. आपण त्यास शिफारस-विक्री म्हणू. येथे अडत्याच्या जागी गावातलाच एखादा शिकलेला तरुण किंवा बचत गटातील एखादी भगिनी असू शकते, आणि अडत देतो तो माल विकणारा व्यापारी.

या धंद्याविषयी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस वारंवार प्रश्न विचारले जातात. घरबसल्या महिना हजारो रुपये मिळतात असे सांगत फिरणारी मंडळीही गावोगाव भेटतात. तेव्हा यातून खरोखर किती मिळते, कशाने मिळते आणि कशाने गमावते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

धंद्याची रीत

या पद्धतीस फार जुना इतिहास नाही. ॲमेझॉन या अमेरिकेतील कंपनीने १९९६ साली, ती मुख्यतः पुस्तके विकत असताना, आपली योजना सुरू केली व पुढे इतर अनेक कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. योजनेत नाव नोंदविणाऱ्यास कंपनी प्रत्येक वस्तूसाठी एक खास लिंक देते. त्या लिंकमध्ये त्याची खूण गुंफलेली असते. त्याने ती लिंक आपल्या चित्रफितीखाली किंवा आपल्या पानावर ठेवली, एखाद्याने तिच्यावर बोट ठेवून दुकान उघडले आणि वस्तू विकत घेतली, म्हणजे ही विक्री कोणाच्या शिफारशीने झाली हे कंपनीस कळते व ठरलेले कमिशन त्याच्या नावे जमा होते. घेणाऱ्यास त्यासाठी वेगळी किंमत पडत नाही. अर्थात व्यापारी हा खर्च आपल्या नफ्यातूनच काढतो व नफा शेवटी किमतीतच असतो, हे बाजार ओळखणाऱ्यास सांगणे नको.

नाव नोंदविण्यास पैसे पडत नाहीत. मात्र सर्वांस पाहता येईल असे आपले काही पान किंवा चित्रफितींची वाहिनी असावी लागते. अटी बारकाईने वाचाव्यात, कारण पुष्कळांची कमाई तेथेच बुडते. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या योजनेत लिंक उघडल्यापासूनची मुदत साधारणपणे २४ तासांची आहे. शेतकऱ्याने सकाळी बांधावर लिंक पाहिली, घरात विचार केला आणि चौथ्या दिवशी परस्पर खरेदी केली, तर शिफारस करणाऱ्यास काही मिळत नाही. म्हणून माणसे निवांत असतात अशा रात्रीच्या वेळी माहिती प्रसृत केलेली बरी. त्याच योजनेत स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी किंवा नातलगांकरवी खरेदी करून कमिशन घेण्यास मनाई आहे. छापील पत्रके किंवा एस.एम.एस. यांतून लिंक वाटण्यासही मनाई आहे. खाते उघडल्यापासून १८० दिवसांत निदान तीन विक्री न झाल्यास खाते बंद होते. घेतलेली वस्तू परत गेली की तिचे कमिशनही रद्द होते, आणि उरलेले हाती येण्यास सुमारे दोन महिने लागतात. कमिशनचे दर वस्तुगणिक निराळे असून कंपनी ते केव्हाही बदलू शकते.

आता हिशेब पाहू. समजा, ताडपत्रीची निवड कशी करावी याविषयी एखाद्या तरुणाने चित्रफीत केली व ती २,००० लोकांनी पाहिली. त्यांपैकी ६० जणांनी लिंक उघडली व तिघांनी प्रत्येकी १,२०० रुपयांची ताडपत्री घेतली. कमिशन शेकडा ५ धरले तर प्रत्येक ताडपत्रीमागे ६० रुपये, म्हणजे १८० रुपये झाले. एक ताडपत्री परत गेली. उरले १२० रुपये. चित्रफितीस दोन दिवस लागले असतील तर ही मजुरी शेतमजुराच्याही खाली पडते. परंतु तीच चित्रफीत पुढील वर्षी पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा पाहिली जाते, तिच्या जोडीला आणखी वीस-पंचवीस होतात, आणि मग थेंबाथेंबाने काही जमू लागते. शेतीच्या जोडीचे उत्पन्न म्हणून हा धंदा पाहावा. शेती सोडून किंवा कर्ज काढून करण्याजोगा तो नाही.

कोणत्या वस्तू, कोणत्या वेळी

शहरातील माणूस ज्याची शिफारस करू शकत नाही अशा वस्तू शेतकऱ्याने निवडाव्यात. छाटणीची कात्री, ताडपत्री, फवारणीच्या वेळी वापरावयाचे हातमोजे व मुखपट्टी, रात्री पाणी देण्यास जाताना लागणारी डोक्याची बॅटरी, वजनकाटा, ठिबकचे सुटे भाग, धान्य साठविण्याच्या हवाबंद पिशव्या, या साऱ्या हाताळून पाहता येणाऱ्या वस्तू आहेत. द्राक्षपट्ट्यात एप्रिल व ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी कात्रीची विचारणा होते, मे अखेरीस ताडपत्रीची, तर रब्बीची मळणी झाली की साठवणुकीच्या पिशव्यांची. हंगामाआधी दोन-तीन आठवडे माहिती तयार ठेवावी. चित्रफितीत किंमत बोलून सांगू नये. ती रोज बदलते आणि आपण खोटे पडतो.

ज्याने ती कात्री एक पूर्ण छाटणीभर वापरली आहे त्याने आपल्या बोलीत सांगितलेल्या चार गोष्टींस शेतकरी मानतो. पाते किती दिवसांत बोथट झाले, स्प्रिंग निसटली काय, डाव्या हाताने काम करणाऱ्यास ती चालते काय, हे कंपनीच्या वर्णनात लिहिलेले नसते. वस्तूचा दोषही सांगावा. दोष सांगितल्याने विक्री घटते असे प्रथम वाटते; पण परत येणाऱ्या वस्तू कमी होतात, आणि कमिशन तर परत न आलेल्या वस्तूवरच मिळते.

एका गावची हकीकत

टोमॅटो पिकविणाऱ्या एका गावी प्रस्तुत लेखकास एक गोष्ट पाहावयास मिळाली. तेथील एक पदवीधर तरुण शेतीच्या अवजारांविषयी चित्रफिती करीत असे. पंचक्रोशीत त्याचे ऐकले जाई. त्याने पाठीवरच्या १६ लिटरच्या बॅटरी पंपाची शिफारस केली. दुसऱ्या एका पंपापेक्षा यावर कमिशन अधिक होते, आणि स्वतः त्याने तो पंप अंगणात पाणी भरून दहा मिनिटे चालविला होता, एवढाच त्याचा अनुभव. गावातील चौघांनी तो मागविला. दुसऱ्याच फवारणीस दोघांच्या पंपाची बॅटरी अर्ध्या टाकीत उतरू लागली. दुरुस्तीचे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणीही नव्हते. त्या आठवड्यात आभाळ ढगाळ होते आणि करप्याची फवारणी चुकवून चालण्यासारखे नव्हते. एकाने शेजाऱ्याचा पंप मिळविला. दुसऱ्याची फवारणी चार दिवस लांबली आणि त्याच्या अर्ध्या एकरातील खालची पाने करपून गेली.

नुकसान पंपामुळे किती झाले व हवेमुळे किती, हे कोणीच सांगू शकत नाही. पण पारावर चर्चा झाली ती पंपाची नव्हे, कमिशनची. आपल्याला यातून पैसे मिळतात हे त्या तरुणाने कधी सांगितले नव्हते. ते लोकांस बाहेरून कळले. ज्याचा प्लॉट करपला तो गृहस्थ त्याचा नात्याने चुलता लागत होता. तो एवढेच म्हणाला, "अरे, तुला पैसे मिळतात हे आधी बोलला असतास, तर मी चार प्रश्न जास्त विचारले असते."

त्या तरुणाने पुढे काय केले तेही सांगितले पाहिजे. त्याने जुनी चित्रफीत काढून टाकली व नवी केली. तीत पंप कोठे कमी पडला ते उघडून दाखविले, मला प्रत्येक पंपामागे कमिशन मिळत होते असे सांगितले, आणि चौघांच्या पंपांसाठी तक्रारी लिहून दिल्या. दोन पंप बदलून मिळाले. त्यानंतर त्याने नियम केला आहे की, जी वस्तू आपल्या शेतात एक हंगाम वापरली नाही तिची लिंक द्यावयाची नाही. त्याच्या लिंका आता थोड्या आहेत आणि वर्षभर त्याची कमाई बरीच खाली होती. चुलत्याने मात्र यंदाची कात्री त्याच्याच लिंकवरून घेतली.

सांगणे हे कायद्यानेही बंधनकारक

कमिशन मिळत असल्यास ते सांगणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यास अनुसरून जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली व जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना निघाल्या. त्यांनुसार शिफारस करणाऱ्याचा व विक्रेत्याचा आर्थिक संबंध स्पष्टपणे, सहज दिसेल अशा जागी व ज्या भाषेत शिफारस आहे त्याच भाषेत सांगावा लागतो. चित्रफीत असेल तर तो दिसलाही पाहिजे व ऐकूही आला पाहिजे. मराठी चित्रफितीच्या तळाशी इंग्रजीतील एक बारीक ओळ टाकून भागत नाही. "या लिंकवरून आपण खरेदी केल्यास मला कमिशन मिळते," हे वाक्य आरंभीच बोलावे. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत व पुढील वेळी ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ज्या वस्तूंस हात लावू नये

बियाणे, खते व कीटकनाशके यांचे कमिशन घेण्याच्या मोहात शेतकऱ्याने पडू नये. या मालाच्या विक्रीवर परवान्याचे नियंत्रण आहे. कीटकनाशकांसाठी १९६८ चा व बियाण्यांसाठी १९६६ चा कायदा आहे, आणि खतांसाठी १९८५ चा नियंत्रण आदेश. औषध कोणते व किती मारावे हे पीक, कीड व लेबलावरील शिफारस पाहून ठरते. कमिशनचा दर पाहून ते ठरू लागले तर दुसऱ्याचे पीक आपल्या हातून जावयाचे. मान्यता नसलेल्या बियाण्यांची चोरून विक्री करणारेही लिंक पाठवितात. त्यांच्यापासून दूरच राहावे. रानडुकरांसाठी लावावयाच्या झटका मशीनची शिफारसही, ती प्रमाणित आहे याची खात्री असल्याखेरीज, करू नये. तेथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे.

साखळीच्या योजना या याहून निराळ्या. ज्या योजनेत आधी भरणा करावा लागतो, आणि माल विकून नव्हे तर नवी माणसे भरती करून पैसे मिळतात, ती शिफारस-विक्री नव्हेच. अशा पैशाच्या साखळ्यांस १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजनांस मनाई केली आहे. खऱ्या योजनेत कंपनी आपल्याला पैसे देते, आपण कंपनीस देत नाही. मोबाईलवर छोटी कामे देऊन आधी दोनशे रुपये देणारे व मग वीस हजार उकळणारे भामटे हीच भाषा बोलतात. फसवणूक झाल्याचे कळताच, एक तासही न दवडता, १९३० या क्रमांकावर कळवावे.

हिशेब

या उत्पन्नाची वही निराळी ठेवावी. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे म्हणून हेही मुक्त असेल, असा समज पुष्कळांचा असतो; तो चुकीचा आहे. कमिशन हे शेतीचे उत्पन्न नव्हे व ते एकूण उत्पन्नात दाखवावे लागते. पॅन नोंदवावा लागतोच. कंपनीने कर कापून घेतला असल्यास आणि आपले उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्यास विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. वहीत तारीख, वस्तू, विक्री, परत आलेल्या वस्तू व प्रत्यक्ष जमा, एवढे रकाने पुरेत. परत आलेल्या वस्तूंचा रकाना दर महिन्यास नीट पाहावा; ज्या वस्तू वारंवार परत येतात त्यांची लिंक काढून टाकावी.

आपला माल, दुसऱ्याची शिफारस

हा व्यवहार उलट्या बाजूनेही करता येतो, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. आंबा, हळद, गूळ किंवा बेदाणा थेट ग्राहकास विकणाऱ्या शेतकरी गटाने शहरातील आपल्या माणसांस प्रत्येकी एक सांकेतिक शब्द द्यावा. पुण्या-मुंबईस नोकरीस असलेल्या भाचीने आपल्या इमारतीत तो शब्द सांगितला व त्यावरून मागणी आली, तर पेटीमागे ठरलेली रक्कम तिच्या नावे लिहावी. यासाठी कोणतीही मोठी कंपनी लागत नाही. वही व मोबाईल पुरतो. मात्र कमिशन किती द्यावयाचे हे पेटी, वाहतूक व नासाडी यांचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेवरून ठरवावे, विक्रीच्या किमतीवरून नव्हे. आंब्याच्या हंगामात ही चूक करून मागणी वाढली तरी पैसा न उरलेले गट आढळतात.

कार्यकर्त्यांस सूचना

शेवटी ग्रामपातळीवर काम करणाऱ्या शासकीय व जिल्हा परिषदेच्या सेवकांविषयी. आपण दिलेला सल्ला शेतकरी शासनाचा सल्ला म्हणून घेतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनुसार शासकीय कर्मचाऱ्यास पूर्वमंजुरीवाचून खाजगी व्यापार करता येत नाही, आणि जिल्हा परिषद सेवकांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. सबब कोणत्याही कार्यकर्त्याने स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावे घेतलेली कमिशनची लिंक शेतकऱ्यांच्या गटात टाकू नये. गटात इतर कोणी लिंक टाकल्यास ती कमिशनची आहे किंवा नाही, एवढा एकच प्रश्न सर्वांदेखत विचारावा व उत्तर तेथेच लिहून घ्यावे.