स्वतःचा केर स्वतः टाकणारे यंत्र : घ्यावे की न घ्यावे?



या अंकातील पाठ एका यंत्राचा आहे; पण त्याची सुरुवात आमच्या एका चुकीपासून करावी लागेल.

गेल्या फेब्रुवारीत सातवीतील एक विद्यार्थिनी लागोपाठ अकरा दिवस प्रार्थनेला उशिरा आली. आम्ही तिला कार्यालयात बोलावून समज दिली आणि हजेरीपटावर लाल शेरा मारला. ती काही बोलली नाही. बाराव्या दिवशी तिचे वडील आले. हातात जाहिरातीचे कात्रण होते. म्हणाले, “सर, हे केर काढणारे यंत्र खरेच चालते का? चालत असेल तर ठेव मोडून घेतो.”

मग सारे कळले. घर डिचोली तालुक्यात, खनिजाच्या वाटेवर. आईला दमा, डॉक्टरांनी तिला केरसुणी हातात घ्यायला मनाई केलेली. म्हणून सकाळचा केर मुलगी काढते. ओटी झाडून होते न होते तोच ट्रक सुरू होतात आणि ओटी पुन्हा लाल होते. पुन्हा झाडायचे, मग आंघोळ, मग शाळा.

त्या कुटुंबाच्या संमतीने, नाव न देता, हा विषय येथे मांडत आहोत. कारण प्रश्न एका घराचा नाही.

यंत्राची ओळख

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे ‘व्हॅक्यूम’ला ‘निर्वात’ म्हणत. मराठी पाठ्यपुस्तकांतही तोच शब्द आहे. मात्र हे यंत्र पूर्ण निर्वात पोकळी निर्माण करीत नाही. आतला पंखा हवा बाहेर फेकतो, आतला दाब थोडा कमी होतो आणि बाहेरची हवा धुळीसह आत शिरते. जाहिरातीत ‘५००० पास्कल’ असा आकडा दिसतो. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल असतो. म्हणजे दाबातील घट जेमतेम ५ टक्के! शिवाय हवा किती वाहते हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून केवळ मोठा आकडा पाहून भुलू नये.

१९०१ साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी असे पहिले मोठे यंत्र केले. ते घोडागाडीवर असे, रस्त्यावर उभे राही आणि लांब नळ्या खिडकीतून घरात नेत. पुढे अमेरिकेत ओहायो राज्यात जेम्स स्पँगलर नावाचा एक झाडूवाला होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा वाढे. त्याने पंखा, दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरण्याजोगे यंत्र बनवले. १९०८ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. विद्यार्थी मित्रहो, हे लक्षात ठेवा. घरोघरी पोचलेल्या या यंत्रामागे केर काढणाऱ्या एका दमेकऱ्याची गरज होती.

आपोआप फिरणारी यंत्रे २००१-०२ पासून बाजारात आली. ‘इलेक्ट्रोलक्स’चे ‘ट्रायलोबाइट’ आणि मागोमाग ‘आयरोबोट’चे ‘रूम्बा’ ही त्यांतील पहिली. २०१८ मध्ये रूम्बाबरोबर स्वतःचा डबा रिकामा करणारा डॉक आला. डॉक म्हणजे या यंत्राचा गोठा समजा. काम संपले की ते तेथे परतते, चार्ज होते, आणि डॉकमधला मोठा पंखा यंत्राच्या छोट्या डब्यातील केर आपल्या पिशवीत ओढून घेतो. हे काम दहा-पंधरा सेकंदांचे, पण आवाज मोठा.

ही केवळ चैन आहे का? निरोगी माणसासाठी बव्हंशी होय. दमेकऱ्यासाठी मात्र नाही. छोटा डबा रोज हाताने झटकायचा म्हटले तर यंत्राने गोळा केलेली धूळ पुन्हा तोंडावरच उडते. म्हणून दमा असलेल्या घरी पिशवीचा डॉक हवा, आणि काढताना जिचे तोंड बंद होते अशी पिशवी हवी. बिनपिशवीचा डॉक स्वस्त पडतो, पण तो उघडताना धूळ उडते. बाहेर जाणारी हवा बारीक गाळणीतून जाते की नाही हेही पाहावे. ‘हेपा’ म्हणतात ती गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९ टक्क्यांहून अधिक कण अडवते.

आपली धूळ

जाहिरातीतील घर आणि आपले घर यांत फरक आहे, तसा धुळीतही आहे. डिचोलीकडे खनिजाची तांबडी, बारीक धूळ. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि लिलावानंतर २०२४ पासून डिचोली भागात काम परत सुरू झाले. हेमेटाइट हे लोहखनिज वाळूच्या जवळजवळ दुप्पट जड असते. लोंबणारे केस आणि सुती तंतू उचलायला जेवढी ओढ पुरते, तेवढी लादीच्या सांध्यात बसलेल्या या धुळीला पुरेलच असे नाही. पेडण्यात मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनाऱ्यावरच्या गावांत पायाला लागून वाळू येते. वाळूचे कण काचेहून कठीण. ते यंत्राच्या चाकांत आणि ब्रशांत शिरून झीज करतात व गुळगुळीत लादीवर चरे पाडतात. अशा घरी दारातच पाय धुणे आणि पायपुसणे हा पहिला उपाय, यंत्र नंतर.

पावसाळ्यात तिसरी अडचण. ओलसर केर पिशवीत महिनोन्‌महिने राहिला तर बुरशी धरते, खाण्याचे कण असले तर मुंग्या लागतात. म्हणून जून ते सप्टेंबर पिशवी पूर्ण भरण्याची वाट पाहू नये. धुतलेली गाळणी पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये.

मोजल्याशिवाय घेऊ नये

आम्ही सातवीतील चार मुलांना घेऊन त्या घरी गेलो. सोबत मोजपट्टी आणि वही. कोणतेही घर असेच मोजता येईल.

पहिले, उंबरठे. बहुतेक यंत्रे सुमारे २ सेंटिमीटरपर्यंतचा अडथळा ओलांडतात. येथे तीन उंबरठे निघाले, प्रत्येकी ७ सेंटिमीटर. स्वयंपाकघर एक पायरी खाली. यंत्राला पायरी उतरता येत नाही.

दुसरे, जमीन. दिवाणखान्यात लादी, माजघरात जुना, ठिकठिकाणी उखडलेला कोबा, मागच्या पडवीला सारवण. सारवलेल्या जमिनीवर हे यंत्र चालवू नये. ते धूळ काढण्याऐवजी जमीनच खरवडेल.

तिसरे, उंची. वर लेसरचा मनोरा असलेले यंत्र साधारण १० सेंटिमीटर उंच असते. खाट आणि कपाट यांखाली तेवढी जागा हवी.

चौथे, डॉकची जागा. भिंतीला लागून सपाट जागा, जवळ विजेचा प्लग, पुढे मोकळी वाट.

पाचवे, जमिनीवरच्या वस्तू. वायरी, चटईचे गोंडे, रांगोळी आणि विशेषतः जमिनीवर ठेवलेली समई. देवघरापुढील भाग यंत्राच्या नकाशावर ‘येथे जाऊ नये’ असा आखून ठेवावा. आमच्या एका सहकाऱ्यांच्या घरी चतुर्थीच्या दिवशी यंत्राने उंबऱ्याआतली अख्खी रांगोळी गिळली. तेथे समई असती तर गोष्ट हसण्यावारी गेली नसती.

कॅमेरा असलेल्या यंत्राबाबत आणखी एक सावधगिरी. चाचणीच्या यंत्रांनी घरांत टिपलेली खासगी छायाचित्रे बाहेर फुटल्याचे २०२२ मध्ये अमेरिकेत उघड झाले होते. लेसरने नकाशा करणारे, कॅमेरा नसलेले यंत्र मिळत असेल तर तेच बरे.

हिशेब

यंत्राची बॅटरी सुमारे ७५ वॅट-तासांची धरू. एका वेळचा खर्च ०.१ युनिटहूनही कमी, महिन्याला फार तर तीन युनिटे. वीज महाग पडत नाही.

महाग पडतात त्या पिशव्या. पिशवी ३ लिटरची आणि यंत्राचा डबा ०.४ लिटरचा धरा. रोज अर्धा डबा भरला तर ३ ÷ ०.२ = १५ दिवस. जाहिरातीत दोन महिने लिहिलेले असते, ते कमी धुळीच्या घराचे. एक पिशवी ३०० रुपयांची धरली तर वर्षाला २४ पिशव्या, म्हणजे ७,२०० रुपये. शिवाय गाळण्या, ब्रश आणि काही वर्षांनी बॅटरी. म्हणून घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे : पिशव्या पुढेही मिळतील का, आणि दुरुस्ती गोव्यात होते की यंत्र बाहेर पाठवावे लागते? या व्यवसायात अग्रेसर असलेल्या ‘आयरोबोट’नेच डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. नाव मोठे म्हणून सुटे भाग कायम मिळतील असे नाही.

निर्णय

मुलांनी वहीत मांडले : घराचे क्षेत्रफळ ५२० चौरस फूट, यंत्र फिरू शकेल तो दिवाणखाना १२० चौरस फूट. म्हणजे २३ टक्के. त्यासाठी ठेव मोडायची का? वडिलांनी वही दोनदा वाचली आणि स्वतःच म्हणाले, “नको.”

मग काय केले? पिशवीचाच, पण हाताने फिरवायचा साधा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. तो उंबरठा ओलांडतो, कारण त्याला माणूस उचलतो. कोरडे झाडणे कमी करून ओल्या फडक्याने पुसणे सुरू केले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम वाटून घेतले. सकाळचा केर वडील, संध्याकाळचा नववीतला भाऊ. तो आधी म्हणाला, “हे बायकांचे काम.” बहिणीने काही न बोलता त्याच्या हातात नळी दिली. आईचा खोकला गेला असे आम्ही म्हणणार नाही. धूळ रस्त्यावर आहेच. ट्रकांवर ताडपत्री घट्ट बांधली जावी आणि रस्त्यावर पाणी मारले जावे, हे काम कोणत्याही यंत्राचे नाही. ते ग्रामसभेत मागायचे आहे. पण मुलगी आता प्रार्थनेला वेळेवर असते. हजेरीपटावरचे लाल शेरे खोडता येत नाहीत. त्यांच्याखाली आम्ही कारण लिहिले आणि सही केली.

उलट, वर सांगितलेले सहकारी डिचोली शहरात सपाट लादीच्या सदनिकेत राहतात. घरी वृद्ध आईवडील, दोघांनाही वाकणे अशक्य. तेथे हेच यंत्र वर्षभर चोख काम करीत आहे. यंत्र चांगले की वाईट हा प्रश्नच नव्हे. कोणत्या घरी, कोणत्या जमिनीवर आणि कोणाची पाठ वाचवण्यासाठी, हे आधी ठरवावे. आणि घरात जो रोज केर काढतो, त्याला विचारल्याशिवाय ठरवू नये.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो. ती धरणाऱ्या हाताची आठवण उरलेल्या दिवशीही असू द्यावी.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील सर्व उंबरठ्यांची उंची मोजा व तक्ता करा.
२. यंत्र फिरू शकेल असे क्षेत्रफळ काढून एकूण क्षेत्रफळाशी टक्केवारी मांडा.
३. आठवडाभर घरात केर कोणी, किती मिनिटे काढला याची नोंद ठेवा. तक्ता पालकांच्या सहीने वर्गशिक्षकांकडे द्यावा.

सर्वांना शुभेच्छा.

– मुख्याध्यापक