शंभर मीटर, सतरा सेकंद, चारशे बावीस वेळा

शाळेच्या मैदानावर १०० मीटर अंतर आखा, मित्राच्या हाती स्टॉपवॉच द्या आणि ते अंतर १७ सेकंदांत धावून पहा. थोडा सराव असेल, तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते जमेल. आता न थांबता त्याच वेगाने आणखी १०० मीटर धावा, मग आणखी १०० मीटर. चौथ्या-पाचव्या शंभरात बहुतेकांचे पाय जड होतील आणि श्वास पुरेनासा होईल.

केनियाचे दिवंगत धावपटू केल्विन किप्टम यांनी ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागो येथे ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन शर्यत २ तास ३५ सेकंदांत, म्हणजे ७,२३५ सेकंदांत पुरी केली. त्यांचा सरासरी वेग सेकंदाला ५.८३ मीटर, म्हणजेच ताशी २१ किलोमीटर होता. दर १०० मीटरला सुमारे १७.१ सेकंद, आणि असे जवळजवळ ४२२ टप्पे एकापाठोपाठ एक!

येथे एक शंका येईल. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे एकसमान गती टिकवण्यास बल लागत नाही. मग सपाट रस्त्यावर एका वेगाने धावणारा दमतो का? कारण धावणे म्हणजे चाकाचे घरंगळणे नव्हे. प्रत्येक पावलाला शरीर थोडे वर उचलले जाते व खाली येते. पाऊल जमिनीवर टेकताच वेग किंचित घटतो, तो पुन्हा वाढवावा लागतो. टाचेमागची कंडरा स्प्रिंगप्रमाणे ताणली जाऊन काही ऊर्जा परत देते, पण सगळी नाही. हवेचा रोध असतो तो वेगळाच.

हा खर्च मोजला गेला आहे. सपाट जमिनीवर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅममागे, दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी लागते. विशेष म्हणजे हा आकडा वेगाप्रमाणे फारसा बदलत नाही. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे २,५३० किलोकॅलरी, म्हणजे १ कोटी ६ लाख ज्यूल ऊर्जा लागेल. मग तो दोन तासांत पोचो की चार तासांत!

फरक आहे तो शक्तीत, म्हणजे ऊर्जा खर्च करण्याच्या दरात. चार तास घेणाऱ्या हौशी धावपटूची शक्ती सुमारे ७३५ वॉट येते. किप्टम यांच्या वेगाने धावायचे तर सुमारे १,४६५ वॉट हवी. १ लिटर प्राणवायू वापरला, की शरीराला सुमारे २०,००० ज्यूल मिळतात. म्हणजे मिनिटाला ४.४ लिटर, दर किलोग्रॅममागे ७३ मिलिलिटर प्राणवायू लागेल. सर्वसाधारण निरोगी तरुणाची कमाल मर्यादाच ४० ते ५० मिलिलिटर असते. अव्वल धावपटूंची मर्यादा ७० ते ८५ असते, शिवाय त्यांचा दर किलोमीटरचा खर्चही थोडा कमी असतो. तुम्ही पहिले १०० मीटर धावलात ते मुख्यतः प्राणवायूविना मिळणाऱ्या ऊर्जेवर. ती शिल्लक लहान असते. एक-दोन मिनिटांत संपते.

खर्च झालेल्या ऊर्जेतील मोठा भाग उष्णता बनतो. पाणी तापवण्याची १,००० वॉटची सळई दोन तास अंगात चालू ठेवावी, तसाच हा प्रकार! ही उष्णता मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर पडते. १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल घेऊन जातो. म्हणून दमट, उष्ण हवेत मॅरेथॉनचे विक्रम सहसा होत नाहीत.

तेव्हा चार तासांत शर्यत पुरी करणाऱ्याने स्वतःला कमी लेखू नये. ज्यूलच्या हिशेबात त्याने जवळजवळ तितकाच खर्च केलेला असतो. थक्क व्हायचे ते वॉटचा आकडा पाहून.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. भारताचे शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधर येथे मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पुरी केली. त्यांना दर १०० मीटरला सरासरी किती सेकंद लागले? किप्टम यांच्या वेळेशी येणारा फरक ४२२ ने गुणा. दीड-पावणेदोन सेकंदांचा फरक शेवटी किती मिनिटांचा होतो, ते तुमच्या वहीतच दिसेल.