काखेतली काळी खपली

प्रश्न : कापणीनंतर वडिलांना आठवडाभर ताप आहे. डेंग्यू, लेप्टो निगेटिव्ह. काखेत काळी खपली दिसते. माकडताप असेल का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : माकडताप गोचिडीमुळे होतो. २०१६ मध्ये तो दोडामार्गात आढळला. त्यात अशी खपली धरत नाही. मला संशय आहे स्क्रब टायफसचा. गवता-झुडपांतल्या अगदी बारीक चिगर किड्यांच्या चाव्यातून तो होतो. चावा दुखत नाही, ताप साधारण दहा दिवसांनी येतो. मग दोन्हींचा संबंध लावणार कोण? २०१८ मध्ये विदर्भात माणसे दगावली, तेव्हा कुठे त्याची चर्चा झाली. लेप्टोवर चालणारे पेनिसिलीन इथे निरुपयोगी. डॉक्सिसायक्लीन मात्र स्वस्त आणि गुणकारी, बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. खपली आजच डॉक्टरांना दाखवा. एलायझा या रक्तचाचणीच्या अहवालासाठी उपचार अडवून ठेवू नका.