वाक्य आधी, थाप नंतर

मेढ्याच्या दुकानांच्या जाहिराती मी लिहितो. जीपच्या कर्ण्यावरून त्या कशा ऐकू येतात, हे जीपमागे चालत जाऊन ऐकतोही. एका पावसाळ्याच्या तोंडावर रेनकोट-छत्र्यांची जाहिरात होती. नवरा-बायकोची किरकोळ कुरबुर, शेवटी बायकोचं एक चपखल वाक्य. दुकानात वाचून दाखवली तेव्हा सगळे खळखळून हसले. मग रेकॉर्डिंगवाल्यानं तिच्याखाली गाजलेल्या सिनेगीताची चाल घातली आणि दर वाक्याला शिट्टी, घसरल्याचा, आपटल्याचा आवाज जोडला. एसटी स्टँडसमोरून जीप गेली, लोकांनी गाणं तेवढं ओळखलं. बायकोचं वाक्य शिट्टीखाली दबलं, दुकानाचं नावसुद्धा.

तमाशातला ढोलकीवाला नीट बघा. सोंगाड्या बोलत असतो तेव्हा त्याचा हात थांबलेला असतो. वाक्य पडलं की थाप. आम्ही तसंच केलं: संगीत काढलं, बायकोच्या वाक्याआधी क्षणभर शांतता ठेवली आणि नंतर हलगीचा एकच ठोका. केळघरच्या फेरीत लोक हसले.

विनोदी आवाज एकच असावा आणि तो मालाशी जोडलेला असावा. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा आठवा. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याचं हसू ऐकलं की पापडच आठवतो.

कर्ण्यातून खर्ज जवळजवळ उतरतच नाही. स्टुडिओच्या हेडफोनवर घुमणारा ढोलकीचा धुमा रस्त्यावर नाहीसा होतो. झांज आणि शिट्टी मात्र माणसाच्या आवाजावर चढतात. म्हणून पैसे चुकते करण्याआधी रेकॉर्डिंग कर्ण्यावर लावून भर रस्त्यात ऐका.

गाजलेली चाल तर उचलूच नका. शब्द बदलले तरी चालीवरचा हक्क ज्याचा त्याचाच राहतो. मूळ रेकॉर्डिंगचा हक्क त्याहून वेगळा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. तीच जाहिरात रील म्हणून टाकली तर आवाज बंद केला जाऊ शकतो, तोही ऐन हंगामात.

त्यापेक्षा आपल्या भागातल्या हलगीवाल्याला, सनईवाल्याला बोलवा. अर्ध्या मिनिटाचा तुकडा नवा वाजवून घ्या आणि तो जाहिरातीत वापरण्याची संमती कागदावर घ्या. बिदागी ठरवताना घासाघीस करू नका, आणि ती त्याच दिवशी हातात द्या.