वाट पाहण्याची वेळ आणि लहान मूल

इंदूरच्या रेल्वे स्थानकाजवळील सियागंज ही किराणा मालाच्या घाऊक व्यापाराची जुनी बाजारपेठ होय. धने, जिरे, हळद, मिरची, सुका मेवा यांच्या गोण्यांनी येथील दुकाने भरलेली असतात. लग्नसराईत किंवा सणाच्या तोंडावर घरचा अथवा कार्याचा किराणा भरण्यासाठी कुटुंबे येथे येतात. इंदूरमधील मराठी कुटुंबेही त्यांत असतात. यादी दिली की माल लगेच हाती पडतो, असे नाही. भाव ठरतो, गोदामातून माल येतो, तोलला जातो, पोत्याचे तोंड शिवले जाते, हिशेब होतो आणि मग हातगाडी भरते. यात तास-दीड तास सहज जातो. मोठ्या माणसांना या विलंबाचे कारण ठाऊक असते. कडेवरच्या दोन वर्षांच्या मुलाला मात्र कोणी काहीच सांगितलेले नसते.

पहिली दहा मिनिटे मूल सभोवती पाहत राहते. पुढे ते चुळबुळ करू लागते, हात सोडवून घेते, गोणीत हात घालते. रस्त्यावर हातगाड्यांची आणि हमालांची सारखी ये-जा, त्यात मिरचीचा ठसका. अशा जागी आईच्या हातून निसटलेले मूल हा खराखुरा धोका होय. तेव्हा आई पिशवीतून मोबाईल काढते, रंगीत फुगे फोडण्याचा किंवा प्राण्यांचे आवाज ऐकविणारा एखादा खेळ, म्हणजेच ॲप, सुरू करते आणि मूल गप्प बसते. तिला दोष देणे सोपे आहे. पण त्या क्षणी दुसरा उपाय तिच्या हाती कोणी दिलेला नसतो, हे आधी मान्य केले पाहिजे. शिवाय त्या दुकानातील थोरामोठ्यांच्या हातीही बहुधा मोबाईलच असतो.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षापर्यंतच्या बालकांसमोर पडदा असूच नये. दुसऱ्या वर्षातही तो देऊ नये. दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी तितके बरे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालील मुलांना, आप्तांशी दृश्य-संभाषण वगळता, पडदा देऊ नये असेच सांगितले आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तिने एका तासाची मर्यादा घातली असून त्या वेळी मोठे माणूस सोबत असावे, अशी अट आहे.

परंतु प्रतीक्षेच्या वेळी प्रश्न केवळ मिनिटांचा नसतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या 422 पालकांकडून माहिती घेऊन एक अभ्यास केला. तो 2022 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. रडणाऱ्या, चिडलेल्या मुलास शांत करण्यासाठी जेथे वारंवार मोबाईल दिला जात होता, तेथे पुढील काही महिन्यांत मुलांच्या भावनांचा उद्रेक वाढलेला आढळला. मुलग्यांत आणि स्वभावतः अधिक चंचल असलेल्या मुलांत हे विशेष दिसले. एखाद्या वेळी मोबाईल दिल्याने मूल बिघडते, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक कंटाळ्यावर तोच एक उपाय केला, तर कंटाळा सोसण्याचा सराव मुलाला मिळत नाही, एवढाच धोक्याचा इशारा त्यातून घ्यावयाचा. मोबाईल परत घेताना जो आक्रोश होतो, त्याचे मूळही पुष्कळदा येथेच असते.

दोन वर्षांच्या मुलास ‘अर्धा तास’ म्हणजे काय ते कळत नाही. ‘आधी हे, मग ते’ हा क्रम मात्र त्याला चांगला कळतो. या दृष्टीने सियागंजचे दुकान ही वाट पाहण्यास शिकविणारी फार सोयीची जागा आहे, कारण तेथील विलंब डोळ्यांना दिसतो. ‘आता दादा पोते काट्यावर ठेवतील. मग दाभणाने शिवतील. मग गाडीत घालतील. मग आपण घरी जाऊ,’ असे आईने किंवा आजोबांनी एकदा सांगावे आणि प्रत्येक टप्पा आला की तो मुलाला दाखवावा. ‘शिवले का?’ असे मूल आपणच विचारू लागते. मुलाला उंच धरून पोती मोजावीत, धन्याचा वास द्यावा, सुतळीचा तुकडा ओढायला द्यावा आणि लगेच परत घ्यावा. डाळी, सुपारी, शेंगदाणे असे लहान जिन्नस तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत; ते नाकात किंवा घशात अडकतात. मिरचीच्या गोणीपासून तर लांबच उभे राहावे.

कचेरीत किंवा दवाखान्यात हा क्रम दिसत नाही. दिसते ती केवळ बंद खोली. तेथे तो दिसेल असा करावा लागतो. आईने हातातील पाच बांगड्या काढून मुलासमोर ठेवाव्यात आणि एकेक माणूस आत गेला की मुलाने एकेक बांगडी तिच्या हातात परत घालावी. बांगड्या अर्थात धातूच्या किंवा लाखेच्या असाव्यात, काचेच्या नकोत. शेवटची बांगडी चढली की आपला क्रमांक. मुलाचे हात यात गुंततात, आणि वेळ सरतो आहे हे त्याला डोळ्यांनी दिसते.

नेहमीच्या वस्तूंतून बालशिक्षण ही कल्पना मराठी माणसांस नवी नाही. ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालविल्या, त्या परिसरात मिळणाऱ्या साध्या साधनांवर. सियागंजपासून जवळच असलेल्या सरवटे बसस्थानकाला ज्या तात्यासाहेब सरवटे यांचे नाव आहे, त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी 1947 साली इंदूरमध्ये बालनिकेतन संघ स्थापून पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पाया घातला. 1968 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वडिलांच्या नावाच्या त्या स्थानकावर आजही गाडीची वाट पाहणाऱ्या मातांच्या मांडीवर मुले असतात. केंद्र शासनाने 2024 मध्ये आणलेल्या ‘नवचेतना’ या आराखड्यातही जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी महिन्यागणिक करावयाच्या कृती दिल्या आहेत. अंगणवाडी सेविकांनी त्यांतील उभ्या-उभ्या, रांगेतही करता येतील अशा कृती माता-बैठकीत करून दाखवाव्यात.

मोबाईल देण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर तो कसा द्यावा हेही सांगितले पाहिजे. मुलाचे वय दोनच्या पुढे असावे. घरातून निघतानाच एखादा साधा खेळ उतरवून ठेवावा आणि देताना इंटरनेट बंद करावे. त्यामुळे पुष्कळशा जाहिराती अडतात आणि एकामागून एक चित्रफिती आपोआप सुरू होत नाहीत. आवाज बंद ठेवावा. ‘पोते शिवून झाले की मोबाईल पिशवीत’ असा शेवट आधी सांगून तो पाळावा. याहून चांगले म्हणजे मोबाईलमधील कुटुंबाची छायाचित्रे दाखवून ‘ही कोण? आत्या कुठे गेली?’ असे विचारावे, किंवा गावाकडच्या आजीशी बोलणे करून द्यावे.

शासकीय कार्यालये आणि आरोग्य केंद्रे यांनी प्रतीक्षेच्या जागी दाराआड एक सतरंजी आणि एक टोपली ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. टोपलीत कापडी चेंडू, लाकडी ठोकळे, झाकणे असलेले मोठे डबे, जाड पुठ्ठ्याची चित्रे एवढे पुरे. या वस्तू धुण्याचे आणि मोजून ठेवण्याचे काम कोणाचे, हे मात्र लेखी नेमून द्यावे. नाहीतर महिनाभरात टोपली कपाटात कुलूपबंद होते आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी तेवढी उरते.