ज्वारीच्या मुलखातून जगाच्या पंगतीला

तीर्थपुरी, घनसावंगी, जांब समर्थ या गोदाखोऱ्यातील टापूत एखादे मूल बारावीला आले, की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक आणि कचेरीतील कायमची नोकरी एवढेच हुद्दे घोळू लागतात. त्यातच मुलाने पाकशास्त्र शिकण्याची इच्छा बोलून दाखवली तर ‘आचारी होणार का?’ असा प्रश्न येतो, आणि मुलीने बोलून दाखवली तर ‘ते तर घरीच येते, त्याला कॉलेज कशाला?’ असे उत्तर मिळते. या दोन्ही उद्गारांमागची चिंता खरी आहे, म्हणूनच तिला आदराने आणि वस्तुस्थितीच्या आधाराने उत्तर दिले पाहिजे.

आपल्या ताटातील ज्वारी ही मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानात तिची लागवड सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी होत होती, हे तेथील मातीच्या भांड्यांत उमटलेल्या भुसाच्या ठशांवरून सिद्ध झाले आहे. बाजरी सहाराच्या दक्षिण कडेवरून आली आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातून. मराठवाड्याला तो खंड तसा परका नाहीच. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविणारा आणि जमीनमहसुलाची घडी बसविणारा मलिक अंबर जन्माने इथियोपियाचा होता. सुदानात आजही ज्वारीचे पीठ आंबवून तापलेल्या तव्यावर कागदासारखे पातळ पसरतात आणि त्याला किसरा म्हणतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. ही उणीव त्यांनी आंबवून आणि पातळ पसरून भरून काढली, तर आपल्या आजीने आधणाच्या पाण्यात पीठ भिजवून आणि परातीत तळहाताने मळून मळून. एकाच धान्याची ही दोन शास्त्रे आहेत, आणि त्यांपैकी एक आपल्या मुलांना घरबसल्या मिळालेले आहे.

अशा घरगुती ज्ञानाचा जगभर मान व्हावा म्हणून आफ्रिकेतील काही माणसांनी जे केले, ते आपल्या पालकांनी अवश्य जाणून घ्यावे. सेनेगलचा पिएर थियाम रसायनशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेत गेला; न्यूयॉर्कमध्ये त्याचे पैसे चोरीला गेले आणि निरुपायाने तो एका उपाहारगृहात पडेल ते काम करू लागला. तेथूनच तो पाककर्मात शिरला, आणि पुढे आपल्या देशातील फोनियो या राजगिऱ्याहूनही बारीक धान्यासाठी त्याने २०१७ मध्ये योलेले ही कंपनी एका भागीदारासह उभारली. सिएरा लिओनची फातमाता बिंता हिने आपल्या भटक्या पशुपालक फुलानी समाजाचे जेवण चटईवर बसवून वाढण्याचा उपक्रम आरंभिला. २०२२ मध्ये तिला बास्क पाककलेचे जागतिक पारितोषिक मिळाले, आणि तो मान मिळविणारी ती पहिली आफ्रिकी व्यक्ती ठरली. आपल्याकडेही गोव्यात मोझांबिकहून पोर्तुगीज अमदानीत आलेला कॅफ्रियाल हा पदार्थ आज तेथल्या हॉटेलांचे भूषण आहे. मात्र त्यामागच्या आफ्रिकी हातांची नावे कोणी दप्तरी नोंदली नाहीत, याची मला खंत वाटते.

ज्या विद्यार्थ्याला चुलीपेक्षा यंत्र प्रिय आहे, त्याने सानुसी दियाकिते या सेनेगलच्या अभियंत्याचे उदाहरण पाहावे. फोनियोचा कोंडा काढण्यासाठी तेथील स्त्रिया उखळात तासन्‌तास कष्टत. त्याने कोंडा काढणारे यंत्र बनविले आणि १९९६ मध्ये त्याला रोलेक्स पुरस्कार मिळाला. पोलादाच्या कारखान्यांनी गजबजलेल्या, आणि १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जेथे महिकोची स्थापना करून संकरित बियाण्यांचा उद्योग रुजविला त्या जालन्याच्या मुलांना भगरीच्या वा बाजरीच्या यंत्राचा विचार अवघड का वाटावा?

सर्वांत मोठी संधी मला पिठाच्या एका दोषात दिसते. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, कारण दळताच दाण्यातील स्नेहांशावर त्यातीलच विकरांची क्रिया सुरू होते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे मळताना चिकटून येण्याचा गुण, जाते आणि भाकरी थापताना चिरते. त्यामुळे गव्हाच्या पिठासारखी ही पिठे दुकानात महिनोन्‌महिने ठेवता येत नाहीत. दाण्याला वा पिठाला बेताची उष्णता देऊन विकरांची क्रिया रोखता येते, परंतु चव आणि विरी राखून ते साधणे हे शिकण्याजोगे शास्त्र आहे. ते शिकविणारे अन्नतंत्र महाविद्यालय आपल्या शेजारी परभणीच्या कृषी विद्यापीठात आहे, आणि लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाणही त्याच विद्यापीठाने प्रसारित केलेला आहे. तेथील चार वर्षांच्या पदवीसाठी बारावी विज्ञान शाखा आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आवश्यक आहे. स्वयंपाकघराचीच ओढ असेल त्याने मुंबईच्या दादर येथील जुन्या, १९५४ साली स्थापन झालेल्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेसाठी राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी; तिला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, मात्र बारावीला इंग्रजी विषय हवा.

पालकांपासून एक गोष्ट लपविणे अन्यायाचे होईल: या व्यवसायाची पहिली काही वर्षे कठीण असतात. दहा-बारा तास उभे राहणे, सणासुदीला घरी न येणे आणि बेताचा पगार सोसावा लागतो. ज्याला हे सोसवणार नाही त्याने भावनेच्या भरात प्रवेश घेऊ नये. स्वतःचा लहान प्रक्रिया उद्योग काढणाऱ्यासाठी २०२० मध्ये केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद झाली. तिची आजची स्थिती जिल्ह्याच्या कृषी कचेरीत जाऊन खातरजमा करून घ्यावी आणि मगच कर्जाची तजवीज करावी.

तोवर, प्रवेशाला अवकाश आहे तेवढ्यात, विद्यार्थ्याने घरीच आजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या पिठाची भाकरी स्वतः थापून पाहावी, कोणती चिरली, कोणती फुगली, पाणी किती लागले याची तारखेनिशी वहीत नोंद ठेवावी, आणि ती वही महाविद्यालय पाहायला जाताना सोबत न्यावी.