स्टेअरिंगला तेलाचे बळ

ऊसहंगामात निलंगा परिसरातील रस्त्यांवरून उसाने भरलेल्या मालमोटारी जाताना आपण नेहमी पाहतो. पूर्वी अशा ओझ्याची चाके वळवताना चालकाला दोन्ही खांद्यांचे बळ पणाला लावावे लागे. आज तेच काम हलक्या हाताने होते. आपल्या अनेक पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या हाती स्टेअरिंग आहे. म्हणून हे बळ कोठून येते, ते आम्ही येथे मांडत आहोत.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांचा नियम आपण शाळेत शिकलो. 1 सेंमी व 2 सेंमी व्यासाच्या दोन सिरिंज पाणी भरून नळीने जोडाव्यात. लहान दट्ट्या दाबला की मोठ्यावर चौपट बळ मिळते. मात्र तो चतुर्थांश अंतरच सरकतो.

पॉवर स्टेअरिंगमध्ये दाब निर्माण करतो तो इंजिनाच्या गतीवर फिरणारा पंप. गाडी सरळ जात असताना पंपाचे तेल व्हॉल्व्हमधून टाकीत परत येते. चालकाने चक्र फिरवले की रस्त्याला घट्ट धरलेले टायर विरोध करतात आणि चक्राच्या दांड्याला जोडलेली एक बारीक सळई किंचित पिळली जाते. त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो, तेल दट्ट्याच्या एका बाजूला शिरते व दुसऱ्या बाजूचे टाकीत परतते. दट्ट्या चाकांना वळवतो. चाके हवी तेवढी वळली की सळईचा पीळ सुटतो आणि मदतही थांबते. दर चौरस सेंटिमीटरला 80 किलोचा दाब व दट्ट्याचे क्षेत्रफळ 10 चौरस सेंटिमीटर धरले, तर बळ 800 किलोभाराचे होते!

अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी 1926 मध्ये पिअर्स-ॲरो मोटारीत ही रचना चालवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ती 1951 मध्ये क्रायस्लर इंपीरियलमधून आली. पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे, 1981 मध्ये स्थापन झालेल्या झेडएफ स्टेअरिंग गिअर कंपनीच्या कारखान्यात, मालमोटारी व बस यांची स्टेअरिंगे तयार होतात. नव्या लहान मोटारींत मात्र तेलाऐवजी विजेची मोटर हे काम करते.

आता मुख्य गोष्ट. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय अनेकांना असते. इंजिन थांबले की पंप थांबतो. चक्राची चाकांशी असलेली जोडणी कायम राहते, पण ते एकदम जड होते; ब्रेकलाही पूर्वीसारखी साथ राहत नाही. वळणावर हे कळले तर फार उशीर झालेला असतो. तेव्हा गाडी धावत असताना इंजिन बंद करू नये. टाकीतील तेलाची पातळी तपासावी, वळताना पंप कण्हू लागला तर गळती शोधावी आणि चक्र शेवटपर्यंत वळवून तसेच धरून ठेवू नये.

तेल बळ देते. दिशा मात्र चालकच देतो. वाचवलेल्या थोड्या डिझेलपेक्षा घरी वाट पाहणाऱ्या लेकरांचे मोल मोठे आहे, एवढे आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे.